दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम आणि लग्नाचा लोच्या

मुलगा अमेरिकन सिटिझन. आईवडील मूळचे नाशिकचे. पगार डॉलरमध्ये, स्वभाव शांत, वर पोहे स्वतः करून खातो. आणखी काय पाहिजे? पत्रिका जुळली, व्हॉट्सअॅपवर रात्र-रात्र गप्पा झाल्या, साखरपुड्याचा हॉल बघायला सुरुवात झाली. आणि मग कुणीतरी सहज विचारलं, 'काय गं, तू मागे ताईकडे अमेरिकेला गेली होतीस ना? किती दिवस राहिलीस?'

घरात एकदम पिनड्रॉप सायलेन्स!

ही मुलगी आपण कल्पनेतलीच धरू. तिला सोनगीरची करू या. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर टोलनाका लागतो, बाजूला टेकडीवर किल्ला दिसतो, ते सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी अख्ख्या खानदेशात प्रसिद्ध. लग्नाचा हंडा-कळशी घ्यायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून इथे येतात. (पाणी प्यायचा माझा तांब्याही इथलाच आहे, आणि ऑफिसातल्या बाटलीवाल्यांना मी तो अभिमानाने दाखवते.) तर आपल्या हिरोईनच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, इथे भांड्यांचं दुकान आहे. मोठी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीत. धाकटी पुण्यात आयटीमध्ये. म्हणजे साधारण तुमच्या-माझ्यासारखीच.

डिसेंबर २०१९ मध्ये ताईच्या बाळंतपणासाठी ती अमेरिकेला गेली. हातात दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा. एप्रिलचं परतीचं तिकीट. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि तिकीट गेलं. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली, जुलैत अमेरिकेशी एअर बबलही झाला. पण तोवर बाळाचा लळा लागलेला, इकडे धुळ्यात रोज करोनाचे आकडे, आबा फोनवर म्हणाले, 'बेटा, तिकडेच थांब. व्हिसा तर दहा वर्षांचा आहे ना?' ती थांबली. २० फेब्रुवारी २०२१ ला परत आली. एअरपोर्टवर कुणी काही विचारलं नाही, दंड नाही, शिक्का नाही. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

विषय तिथेच सुरू झाला होता.

स्टिकर वेगळं, मुक्काम वेगळा

अमेरिकेच्या व्हिसाबद्दल आपल्याकडे जो सगळ्यात मोठा घोळ आहे तो हाच. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे दार वाजवायची परवानगी. त्यावरची तारीख एवढंच सांगते की त्या दिवसापर्यंत तुम्ही दारात जाऊन उभे राहू शकता. आत किती दिवस राहायचं, हे दारातला अधिकारी ठरवतो आणि ते 'आय-९४' नावाच्या नोंदीत लिहिलं जातं. टुरिस्ट असाल तर साधारणपणे सहा महिने. पूर्वी पासपोर्टला पांढरं कार्ड स्टेपल करून मिळायचं, ते निदान डोळ्यांसमोर तरी असायचं. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद इलेक्ट्रॉनिक झाली. म्हणजे वेबसाइटवर जाऊन स्वतः बघितली नाही, तर आपली तारीख अनेकांना माहीतही नसते.

आपली मुलगी ११ डिसेंबरला उतरली. तिची आय-९४ ची तारीख होती १० जून २०२०. त्यानंतरचा प्रत्येक दिवस 'अनलॉफुल प्रेझेन्स'. म्हणजे परवानगीवाचूनचा मुक्काम.

'पण तेव्हा करोना होता!' हो, होता. त्यासाठी सोयही होती. मुदत संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज टाकला असता, तर अर्जावर निर्णय होईपर्यंतचे दिवस या हिशेबात धरले गेले नसते. उशीर झाला तर असाधारण परिस्थितीचं कारण देऊन तो माफ करून मागता येत होता. त्या वर्षी अडकलेल्या किती तरी आईबाबांसाठी मुलांनी हेच केलं. पण करोना आहे म्हणून आपोआप सगळ्यांना माफी, असा नियम झाला नाही. अर्ज करायचा होता. आपल्या घरात कुणाला ते सुचलंच नाही.

१८० चा आकडा

आता कॅल्क्युलेटर काढा. बिल क्लिंटन यांच्या काळात, १९९६ साली, अमेरिकेने इमिग्रेशनचा एक कडक कायदा केला. त्यातली ही कलमं १ एप्रिल १९९७ पासून लागू झाली. एका मुक्कामात परवानगीवाचून १८० दिवसांपेक्षा जास्त, पण वर्षापेक्षा कमी राहिलात आणि मग देश सोडलात, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर दहा वर्षं. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीचे दिवस यात मोजत नाहीत.

गंमत अशी (म्हणजे ज्याच्यावर वेळ येते त्याला ती गंमत वाटत नाही) की बंदीचं घड्याळ तुम्ही बाहेर पडल्यावर सुरू होतं. आत बसून राहिलात तर ही बंदी लागत नाही. बाहेर पडलात की लागली. चूक सुधारायला निघालेला माणूस नेमका दारात अडकतो, असं हे कलम आहे.

सोनगीरच्या मुलीचा हिशेब केला तर जूनमधले वीस दिवस, जुलैचे एकतीस, असं करत करत २० फेब्रुवारीपर्यंत २५५ दिवस भरतात. तीन वर्षांची बंदी. ५ डिसेंबर २०२० च्या विमानात बसली असती तर १७८ दिवस झाले असते आणि या कलमाने तिला हातही लावला नसता. आणि बाळाचा पहिला वाढदिवस झाला, आता दुसरं पाऊल, बोलायला लागू दे, असं करत जुलै २०२१ उजाडला असता, तर थेट जुलै २०३१ पर्यंत दार बंद.

पण तिची केस बघा. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली. तीन वर्षं फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली. आज ती लग्नाच्या व्हिसासाठी अर्ज करते आहे, तेव्हा ही बंदी उरलेलीच नाही! माफीचा अर्ज नको, वेगळी फी नको. घरातला तो पिनड्रॉप सायलेन्स निम्मा तरी फुकटच होता. एक मात्र खरं की तिचा तो दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा केव्हाच बाद झालेला आहे. आय-९४ ची तारीख एका दिवसानेही चुकली तरी ज्या व्हिसावर आत गेलात तो रद्द धरला जातो आणि पुढचा व्हिसा आपल्याच देशातून मागावा लागतो. स्टिकरवर २०२९ लिहिलेलं असलं, तरी आता ते नुसतं स्टिकर.

स्टुडंट व्हिसावाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या आय-९४ वर वर्षानुवर्षं तारीख नसायची, 'डी/एस' असं लिहिलेलं असायचं. म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर. अशा मुलाने कॉलेज सोडलं, गॅस स्टेशनवर रोख पैशांत काम केलं, तर तो नियम मोडतोच. पण इमिग्रेशन खातं किंवा कोर्ट तसा निर्णय देत नाही तोवर १८० दिवसांचं घड्याळ चालू होत नाही. २०१८ मध्ये हे बदलायचा प्रयत्न झाला, तो २०२० मध्ये कोर्टाने अडवला. २०२५ मध्ये सरकारने 'डी/एस' ऐवजी ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे आता शिकायला जाणाऱ्यांनी स्वतःच्या आय-९४ वर काय लिहिलंय ते उतरल्या-उतरल्या बघितलेलं बरं. एच-१बी वाल्यांना नोकरी गेली तर २०१७ पासून साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना एव्हाना पाठ झालं असेल. लेऑफची कृपा!

'लिखू नको ना, कोन देखस तठे?'

आता खरी धोक्याची जागा. प्रत्येक गावात, प्रत्येक नातेवाइकांच्या गोतावळ्यात एक जाणकार भाऊ असतो. त्याच्या मित्राचा साडू कॅनडात असतो. हा भाऊ ठामपणे सांगतो की लिहूच नको, कोण बघतंय तिथे. एअरपोर्टवर शिक्का तरी मारला का? नाही ना? मग झालं. काही एजंट तर याच्या पुढे जाऊन 'पासपोर्ट हरवला म्हणून तक्रार दे, नवा काढ' असा फंडा देतात. वर त्याची फीदेखील घेतात.

अमेरिका जाताना शिक्का मारत नाही हे खरं. पण कोण कधी आलं आणि कुठल्या विमानाने गेलं, ही माहिती विमान कंपन्यांच्या याद्यांमधून तिच्याकडे असते. २००४ पासून बोटांचे ठसे घेतले जातात. पासपोर्ट नवा काढता येतो, बोटं कुठून नवी आणणार?

इमिग्रंट व्हिसाच्या डीएस-२६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे की तुम्ही कधी दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, व्हिसाच्या अटी मोडल्या का? इथे 'नो' वर टिक केली, की तीन वर्षांच्या संपलेल्या बंदीच्या जागी आयुष्यभराची बंदी उभी राहू शकते. कारण मुदत ओलांडणं हा एक गुन्हा आणि व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणं हा दुसरा, कितीतरी मोठा. त्याला मुदतच नाही. माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर, अगदी सिटिझन झाल्यावरही हे खोटं वर येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमचं काहीही बिघडवत नव्हतं, त्याच प्रश्नाचं खोटं उत्तर संसार बुडवतं.

तिथे काम केलेल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ही फार कमी जणांना ठाऊक असते. परवानगीवाचून काम केलं, एवढ्यावरून भारतातून केलेला लग्नाचा इमिग्रंट व्हिसा नाकारण्याचं वेगळं कलम नाही. पण ते काम मिळवताना आय-९ फॉर्मवर 'मी अमेरिकन नागरिक आहे' या चौकोनात खूण केली असेल, तर खेळ जवळपास खलास. नागरिकत्वाचा खोटा दावा केला तर इमिग्रंट व्हिसासाठी त्याला माफीच नाही. बायको सिटिझन असो, मुलं तिथे जन्मलेली असोत. दुकानदाराने घाईत 'इथे टिक कर' म्हटलं म्हणून केलेली ती टिक.

मांडव गावात टाकायचा की नाही?

आता गोष्ट उलटी करू. समजा मुदत ओलांडलेला माणूस अजून अमेरिकेतच आहे. सोनगीरचाच एक मुलगा धरा, टुरिस्ट व्हिसावर रीतसर विमानतळावरून आत गेला, दोन वर्षं झाली, परतला नाही. तिथे एका मराठी मुलीच्या प्रेमात पडला. मुलगी अमेरिकन नागरिक. कोर्टात लग्न झालं.

कायद्याने त्याला एक मोठी सवलत आहे. रीतसर तपासणी होऊन देशात आलेला आणि अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न केलेला माणूस मुदत ओलांडलेली असली तरी आतल्या आत, आय-४८५ अर्ज करून, ग्रीन कार्ड मागू शकतो. बायको नागरिक नसून नुसती ग्रीन कार्डवाली असेल, तर मात्र ही सवलत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायोडेटात 'यूएस सेटल्ड' असं मोघम लिहिणाऱ्यांना म्हणूनच पुन्हा एकदा विचारावं. सेटल्ड म्हणजे नेमकं काय हो?

तर कोर्टातलं लग्न झालं. मग गावाहून फोन. 'असं कसं चालेल? अख्ख्या गावाला जेवण घालायचंय. आजीचे डोळे लागलेत. आठ दिवस येऊन जा, हळद लावू, बॅंड लावू आणि परत जा.' मुलगा भावूक होतो, तिकीट काढतो. विमान उडालं त्या क्षणी दोन वर्षांच्या मुक्कामाची दहा वर्षांची बंदी लागू. हळदीचा रंग जाईल, बंदी जाणार नाही. आतल्या आत सुटला असता असा प्रश्न आठ दिवसांच्या मांडवासाठी गळ्यात घालून घेणारे लोक आहेत. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण आजीचा फोन आला की भल्याभल्यांचं डोकं चालत नाही.

अशाच एका प्रश्नावर अमेरिकेतला एक महत्त्वाचा निकाल एका भारतीय जोडप्याच्या नावाने ओळखला जातो. 'मॅटर ऑफ अराबली अँड येराबेली'. नवरा-बायको, दोघंही भारतीय नागरिक. मुदत ओलांडून वर्षाहून जास्त राहिले होते. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना त्यांनी 'अॅडव्हान्स परोल' म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी घेतली आणि म्हाताऱ्या आईवडिलांना बघायला भारतात आले. परत गेल्यावर इमिग्रेशन खात्याने सांगितलं की तुम्ही देश सोडलात, आता दहा वर्षांची बंदी. म्हणजे परवानगी यांनीच दिली आणि ती वापरली म्हणून शिक्षाही यांचीच! १७ एप्रिल २०१२ ला अपिलात बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने ठरवलं की असं परोल घेऊन जाणं म्हणजे बंदी लागू करणारं 'देश सोडणं' नव्हे. तेव्हापासून हजारो जणांचं जाणं-येणं या एका निकालाच्या आधाराने चाललं. आईवडिलांचं दुखणं बघायला गेलेल्या दोघांनी घातलेला वाद आहे हा. मला तर तो एखाद्या सिनेमापेक्षा भारी वाटतो.

पण आजचं हवामान त्या काळासारखं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आपल्या धोरणात स्पष्ट लिहिलं की नातेवाइकाने केलेला अर्ज म्हणजे राहायची परवानगी नव्हे, आणि त्यावरून हद्दपारीची कारवाई थांबत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोमध्ये ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला आलेल्या, मुदत ओलांडलेल्या नवरा-बायकोंना तिथल्या तिथे ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. कायदा तोच, सवलत तीच, पण इंटरव्ह्यूला जाताना वकील सोबत असणं आता चैन राहिलेली नाही. परोल घेऊन गावी यायचा विचार असेल तर तेही आधी वकिलाला विचारून.

आणि जे मुळात विमानतळावरून गेलेच नाहीत, त्यांची गोष्ट सगळ्यात अवघड. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानाने १०४ भारतीयांना परत आणलं गेलं, आठवतंय? डंकी मार्गाने आत शिरलेल्याला लग्न झालं तरी आतल्या आत अर्ज करायची ही वाट सहसा मिळत नाही. आणि एकदा वर्षभर राहून बाहेर पडून पुन्हा चोरवाटेने शिरलेल्यावर कायमची बंदी बसते. बाहेर दहा वर्षं काढल्याशिवाय परतीची परवानगी मागताही येत नाही.

'खूप आठवण येते' एवढं पुरत नाही

समजा बंदी लागलेलीच आहे, संपलेली नाही, आणि नवरा किंवा बायको अमेरिकन. मग काय दहा वर्षं नुसते व्हिडिओ कॉल? नाही. माफीचा अर्ज आहे, आय-६०१. मुंबईच्या इंटरव्ह्यूत अधिकाऱ्याने 'या कलमाखाली अपात्र' असं सांगितलं, की तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करायचा. अमेरिकेत असलेल्यांसाठी २०१३ पासून आय-६०१ए हा आगाऊ अर्जही आहे. म्हणजे बाहेर पडण्याआधीच माफीचा कौल घेऊन ठेवायचा.

माफीची अट एकच. तुम्हाला येऊ दिलं नाही, तर तुमच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदारावर अथवा आईवडिलांवर 'एक्स्ट्रीम हार्डशिप', म्हणजे पराकोटीची अडचण ओढवेल हे सिद्ध करायचं. तुमच्या स्वतःच्या हालांना इथे किंमत नाही. मुलांच्या हालांनाही थेट नाही, ते त्यांच्या आईवर किंवा वडिलांवर काय परिणाम करतात या वाटेनेच मोजले जातात. ताटातूट, एकटेपणा, दोन घरांचा खर्च हे सगळं नेहमीचंच आहे, असं खातं म्हणतं. पराकोटीचं काय ते दाखवा.

मग फायलीत काय लागतं? जोडीदाराचं आजारपण आणि तिथल्या डॉक्टरांची कागदपत्रं. त्याच्यावर अवलंबून असलेली म्हातारी माणसं. घराचं कर्ज. भारतात येऊन राहायचं ठरवलं तर नोकरीचं काय, उपचारांचं काय. तिकडे वाढलेल्या, इंजेक्शन-औषधांवर अवलंबून असलेल्या माणसाला सोनगीरहून धुळं किती लांब, तिथे तो स्पेशालिस्ट आहे का, मराठी लिहिता-वाचता न येणाऱ्याला इथे काम काय मिळणार, हे सगळं पुराव्यासकट मांडायचं. थोडक्यात, आपण ज्या संसाराचं आनंदाने वर्णन करतो, त्याचं दुःख पानापानांनी लिहून द्यायचं. निर्णयाला लागणारा वेळ महिन्यांत मोजू नका, वर्षांत मोजा.

आणि ज्यांना वाटतं की बायको अमेरिकन आहे, तिचा हक्कच आहे, त्यांच्यासाठी एक नाव. सॅन्ड्रा मुन्योझ, लॉस एंजेलिसची वकील. तिचा नवरा एल साल्वादोरचा, अमेरिकेत कागदपत्रांविना राहिलेला. माफीचा आगाऊ कौल मिळाला म्हणून तो २०१५ मध्ये इंटरव्ह्यूसाठी मायदेशी गेला आणि तिथे व्हिसाच नाकारला गेला, त्याच्या अंगावरच्या टॅटूंवरून टोळीशी संबंध असल्याच्या संशयाने. दोघांनीही ते साफ नाकारलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २१ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल आला की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा अमेरिकन नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. मुंबईतल्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याच्या हातात किती ताकद आहे, ते यावरून कळावं.

हे सगळं वाचून अमेरिकेला नावं ठेवायचा मूड आला असेल, तर जरा जळगावात डोकावा. सिंधमधून आलेल्या, वर्षानुवर्षं लॉंग टर्म व्हिसावर इथे राहणाऱ्या, इथेच लग्नं झालेल्या लोकांना तारखेची भीती काय असते हे विचारायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा हिंदूंना दिलेले लॉंग टर्म व्हिसा कायम राहतील असं जाहीर झालं. तोवरच्या काही तासांत त्या घरांमध्ये काय झालं असेल? १ सप्टेंबर २०२५ पासून तर आपल्याकडेही परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे आणि मुदत ओलांडणाऱ्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पत्रिका, ग्रामसेवक आणि बीकेसी

आपल्या हिरोईनकडे परत. नवऱ्याने आय-१३० भरला, तो मंजूर झाला, फाइल नॅशनल व्हिसा सेंटरमधून फिरली, मेडिकल झाली आणि मुंबईची तारीख आली. भारतातले इमिग्रंट व्हिसाचे इंटरव्ह्यू मुंबईलाच होतात, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये. म्हणजे धुळ्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स आणि सकाळी बीकेसीत फाइल छातीशी धरून रांग.

अधिकाऱ्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. जुन्या मुक्कामाचा हिशेब आणि लग्न खरं आहे का. पहिल्यासाठी तिने घरीच आय-९४ च्या वेबसाइटवरून आपल्या जाण्या-येण्याच्या नोंदी काढून ठेवल्यात, २०२१ च्या विमानाचं तिकीट आणि मुंबईतला आगमनाचा शिक्का जोडलाय. कधी गेलीस, कधी आलीस, का थांबलीस? तीन वाक्यांत उत्तर. रडगाणं नाही, जाणकार भाऊ नाही.

दुसऱ्या बाबतीत खानदेशी लग्न म्हणजे पुराव्यांची खाणच! लग्नपत्रिकेवर चाळीस नावं, खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सहा चिल्लीपिल्ली. हजार फोटो, त्यात प्रत्येक काका. ज्या पत्रिकेला आपण पुण्यात बसून हसतो, ती इथे खणखणीत कागद ठरते. फक्त लग्नाची नोंदणी विसरायची नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात ती ग्रामपंचायतीत होते, निबंधक असतो ग्रामसेवक. नावांची स्पेलिंगं पासपोर्टप्रमाणे आहेत का, हे त्याच्या टेबलासमोर उभं राहूनच तपासा. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. पासपोर्ट ऑफिसचं पोलिस क्लिअरन्स लागतं. नवऱ्याच्या बाजूने आय-८६४, म्हणजे हिला सांभाळायची ऐपत असल्याची हमी, उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के.

आणि हो, यातलं सगळ्यात आधीचं काम साखरपुड्यापूर्वीचं होतं. तिने ते केलं. हॉल बुक करायच्या आधी आबांना न विचारता तिने त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. २५५ दिवस, तारखांसकट. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आईबाबांना मी सांगतो. तू फक्त ते तिकीट शोधून ठेव.' आबा मात्र दोन दिवस चिडले होते. त्यांच्या मते ही घरातली गोष्ट होती, बाहेर कशाला सांगायची? गावात तर आजही कुणाला माहीत नाही. गावाला फक्त एवढंच माहीत आहे की मुलीचा व्हिसा झाला आणि आबांनी पाहुण्यांना तांब्याचे लोटे वाटले.

तिच्या नव्या कार्डावर मात्र पुन्हा एक तारीख असेल. अमेरिकेत पाऊल टाकताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, अटींसह. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा आणि संसार चालू असल्याचे पुरावे पुन्हा एकदा द्यायचे. ती तारीख तिने फोनमध्ये टाकून ठेवली आहे, रिमाइंडर शंभर दिवस आधीचा.